घणाची सवय

गुरुवार, बंगळूर

परत तेच! गोल्फचे सर म्हणाले, "फटका मारताना सरकू नको, जागेवर फिर." मी काय मुद्दाम सरकतो व्हय? क्लबात कॅडी हाय, खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी उचलतो, सुट्टीच्या वेळी गोल्फ शिकतो. पन रहिमतपुरात अब्बांच्या भट्टीवर घण मारलाय ना! अब्बा घणाबरोबर सगळं अंग बाजूला रेटतात, तेच माझ्यात आलंय. सर म्हणाले, "असंच सरकत राहिलास तर कंबर धरेल."

अब्बांची कंबर तर कवाच धरलीय. लगेच फोन केला.

"अब्बा, सरकू नका, कमरेतनं फिरा."

"आता तू मला घण शिकवतोस व्हय रं?" लय हसले, आणि हसता हसता कण्हले.

माझंच सरकणं सुटंना, त्यांचं या वयात कसं सुटंल? उद्या डॉक्टरसाठी तीन हजार पाठवतोय.