मँड्रेक आणि खालची डावी दाढ

२ फेब्रुवारी
शेवटी लोकांना जाग आली. वाचनालयाच्या सेक्रेटरीबाईंचा फोन. महिनाअखेरच्या व्याख्यानाचा वक्ता गळाला, तेव्हा तुम्ही नेहमी सांगता त्या माकडावर बोलाल का, म्हणाल्या. ते माकड मँड्रिल. माझा विषय मँड्रेक. वनस्पती. फोनवरच समजावलं की मुळाला माणसासारखे दोन पाय फुटतात, जमिनीतून उपटताना ते किंचाळतं आणि ऐकणारा जागच्या जागी मरतो, अशी जुन्या लोकांची समजूत होती. बाईंचा फोन मध्येच बंद झाला. रेंज गेली असणार.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून लेखन. याच भाषणाचा पुढे ग्रंथ करायचा.

३ फेब्रुवारी, सकाळी पावणेआठ
गजर झाला नाही. ही म्हणते झाला, तुम्हीच उठून बंद केलात. हिच्या बोलण्याकडे लक्ष देण्यात अर्थ नाही. वीस वर्षं मी जेवताना हिला मँड्रेक सांगतोय आणि वीस वर्षं ही ‘हं’ म्हणून भांडी आवरायला उठते. भिंतीशी बोललो असतो तर भिंतीने दोन प्रश्न विचारले असते.

५ फेब्रुवारी
ऑफिस. आमची औषधांची घाऊक एजन्सी आहे, मी बिलिंगला. म्हणजे औषधक्षेत्रातच. शेजारच्या टेबलावरच्या गोगलगायीला (नाव मीच ठेवलंय, त्याला माहीत नाही) डबा खाताना सांगितलं की मँड्रेक बटाटा, वांगं, धोतरा यांच्या कुळातला. त्याने विचारलं, मग भाजी होते का. मी डबा घेऊन खिडकीपाशी गेलो.

८ फेब्रुवारी
मॉडेल. पूर्वी भामटे दुसऱ्याच कुठल्या तरी झाडाची मुळं कोरून, त्यांना हातपाय काढून, मँड्रेक म्हणून विकत. लोक ती रेशमी कापडात गुंडाळून जपून ठेवत, त्यांना आंघोळ घालत. मी तसंच एक गाजर कोरलं. चेहरा फार उत्तम जमला, साधारण माझ्यासारखा. फ्रीजमध्ये ठेवलं.

९ फेब्रुवारी
ही म्हणाली, त्या पिशवीतलं एक गाजर फार वेडंवाकडं निघालं, किसून टाकलं.
ताटात कोशिंबीर वाढली होती. जेवलो मात्र.

१२ फेब्रुवारी
खालची डावी दाढ ठणकते आहे. हिचा धाकटा भाऊ डेंटिस्ट. सगळ्या देहातून या मुलाने दात निवडले, यावरून काय ते समजा. हिने त्याला लगेच बोलावून घेतलं. टॉर्च मारून म्हणाला, भाऊजी, काढावी लागेल, उशीर केलात तर आत पसरेल. मी त्याला सांगितलं की प्राचीन वैद्य मँड्रेकचं मूळ मद्यात उकळून रोग्याला पाजत आणि मग खुशाल चिरफाड करत. तुमची इंजेक्शनं काल आली. त्याने विचारलं, मग पेशंट शुद्धीवर यायचे का. बरेचसे, म्हटलं.
तो हसला. अर्धशिक्षित माणसाचं हसू.

१५ फेब्रुवारी
लवंग धरली आहे. दाढ पूर्ण बरी. फक्त जेवताना, बोलताना आणि पडल्यावर दुखते.

१८ फेब्रुवारी
प्रस्तावना लिहून झाली. सहा पानं. श्रोत्यांच्या अज्ञानाचा आढावा घेतला आहे. मँड्रेक अजून आलेला नाही, पण पाया भक्कम बसला.

२२ फेब्रुवारी
गाल सुजला. आरशात पाहिलं. चेहऱ्याला एक भारदस्तपणा आला आहे. व्यासपीठावर शोभेल.
गोगलगाय म्हणाली, सुट्टी घ्या. माझ्या यशाने पोटात दुखणारे आतापासूनच निघाले.

२५ फेब्रुवारी
ही हट्टाला पेटली, म्हणून मेहुण्याच्या दवाखान्यात गेलो. खुर्ची आडवी केली. त्याने नुसता छोटा आरसा उचलला होता, सुई अजून ट्रेमध्येच होती, आणि मी ओरडलो म्हणे. बाहेर बसलेले दोन पेशंट चपला घालून चालते झाले. मेहुणा म्हणाला, भाऊजी, अजून मी हातसुद्धा लावला नाही. मी उठलो. पळालो वगैरे नाही. जरा भरभर निघालो.

२७ फेब्रुवारी
ताप. तोंड दोन बोटांएवढंही उघडत नाही. मेहुणा दवाखाना बंद करून घरी आला, गोळ्या दिल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन हिच्याशी हळू आवाजात बोलला. कानावर पडलं ते असं: सूज गळ्याकडे सरकली तर श्वासाला त्रास होईल, परवा काहीही करून दाढ काढायची, ताई, तू त्यांना धरून आण. ही बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. कांदा चिरत असेल.
व्याख्यान उद्या. रद्द करा, असं कागदावर लिहून दाखवलं. तिने कागद बाजूला ठेवला. म्हणाली, मी वाचते. एवढ्या वर्षांनी कुणी बोलावलंय तुम्हाला.
वाचू दे. नुसतं वाचायचं तर आहे.

२८ फेब्रुवारी, रात्री
मी पहिल्या रांगेत, गळ्यापासून कानापर्यंत मफलर. हॉल निम्मा भरलेला. हिने माझ्या प्रस्तावनेचा पहिला परिच्छेद वाचला. (‘आपणांपैकी कुणालाही या विषयाचा गंध नसणार.’) मागे खुर्च्या सरकल्या. हिने पानं घडी करून पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, आमच्या घरी रोज जेवायला मँड्रेक असतो. लोक हसले.
मग ती बोलत राहिली. ते मूळ रात्री दिव्यासारखं उजळतं असं कोण मानायचं, खणण्याआधी तलवारीने भोवती रेघा का ओढायचे, स्पंज औषधात बुडवून रोग्याच्या नाकाशी कसा धरायचे. सगळं माझं. शब्दसुद्धा माझे. चुका: दोन शतकं इकडची तिकडे, एक राजा गायब. कुणाला कळलं नाही.
हे हिने ऐकलं कधी? भांडी घासताना?
शेवटी तिने उपटण्याची रीत सांगितली. माणूस मरू नये म्हणून कुत्र्याला दोरीने मुळाला बांधायचं, आपण कानांत मेण घालून लांब उभं राहायचं आणि कुत्र्याला खाणं दाखवायचं. तो धावतो, मूळ निघतं. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, मग त्या कुत्र्याचं काय होतं हो?
ही अडखळली. म्हणाली, ते ह्यांना विचारून सांगते. अख्खा हॉल माझ्याकडे बघायला लागला. माझ्या विषयावर, माझ्याकडे, पहिल्यांदाच. मी तोंड उघडलं. उघडलं नाही.

१ मार्च
दाढ निघाली. हिने दोन्ही हातांनी माझा हात धरून ठेवला होता. मेहुण्याचं काम तितकंसं वाईट नाही. वाईट आहे, पण तितकंसं नाही.
घरी येताना, माझ्या तोंडात कापूस असताना, हिने विचारलं, अहो, शेवटी कुत्र्याचं काय होतं? मरतो का तो? त्या बाई फार हळहळत होत्या. मलाही झोप लागली नाही.
कुत्रा मरतो. मी जेवढं वाचलं आहे त्या सगळ्यात मरतो. याबाबत कुठेही दुमत नाही.
मी मान हलवली. नाही म्हणून.
तिने रस्त्यातच सेक्रेटरीबाईंना फोन लावला. म्हणाली, त्या आजींना कळवा, ह्यांनी सांगितलंय, कुत्रा वाचतो.
वीस वर्षांच्या अभ्यासातलं हे एवढं एकच वाक्य माझ्या नावाने लोकांपर्यंत गेलं. तेही चूक.