एकोणतीस फेऱ्या

७ जानेवारी, रविवार

घेतलं! मला ग्रुपमध्ये घेतलं!! तीन आठवडे घासून पाठ केलेलं दीड पान क्लॅरिनेटवर असं वाजवलं की जणू आत्ताच सुचतंय. डोळे मिटून वगैरे. मध्येच दुसऱ्या ओळीनंतर डोकं एकदम ब्लँक! काय फुंकलं देव जाणे. पाच-सहा सेकंद नुसता गोंधळ. मग चौथी ओळ आठवली आणि गाडी रुळावर. नशीब, कोणाच्या लक्षात नाही आलं. ग्रुप डॉक्टरीणबाईंचा, जागच्या जागी सुचेल ते वाजवणाऱ्यांचा. त्या जनावरांच्या डॉक्टर, पियानो वाजवतात. त्या एवढंच म्हणाल्या, "रविवारी सकाळी नऊ. उशीर चालत नाही."

१४ जानेवारी, रविवार

प्रॅक्टिस ड्रायव्हिंग स्कूलच्या वर्गात होते. भिंतभर वाहतुकीच्या खुणा. माझी खुर्ची नेमकी 'प्रवेश बंद'च्या खाली! मोठं बेस गिटार लिफ्टकाकांकडे, ते लिफ्ट दुरुस्त करतात. ड्रम बेकरीवाल्याकडे. त्याच्या कोपरांना पीठ लागलेलं असतं.

पद्धत अशी — एक छोटी चाल गोल गोल फिरत राहते. प्रत्येकाने आपल्या पाळीला तिच्यावर मनाचं वाजवायचं. बाईंचे नियम दोनच. लिहून आणायचं नाही. आणि कोणी अडकलं तर सोडवायला जायचं नाही. "आपण फेरी चालू ठेवायची. तो येईपर्यंत."

मी नवीन पान पाठ करून गेले होते. निभावलं.

बेकरीवाला म्हणाला, "पोरगी मुरलेली आहे हां!"

छान वाटायला पाहिजे होतं ना?

१७ जानेवारी

परत तेच वाजवता येणार नाही. म्हणजे दर रविवारी नवीन पान! मी कामाला आहे त्या चष्म्याच्या दुकानात लंच ब्रेकला जुन्या नंबरांच्या कार्डांमागे लिहीत बसते. लिहायचं, खोडायचं, पाठ करायचं. बोर्डाच्या वर्षी एवढा अभ्यास नव्हता केला.

दादाने कार्ड बघितलं. "सुचलेलं एवढं खोडावं लागतं होय?"

त्याच्या तोंडावर दार आपटलं.

२० जानेवारी, शनिवार

आईने सगळ्यांना सांगून ठेवलंय — "आमची जागच्या जागी रचते!" आत्या आली आणि म्हणाली, "रच बघू काहीतरी. आमच्या मांजरावर रच." मी मागच्या रविवारचं पान वाजवलं. आत्याच्या डोळ्यांत पाणी! "अगदी डिट्टो आमची मनी," म्हणे. आई मान उंच करून बसलेली. दादा माझ्याकडे बघून हळूच मियाँव म्हणाला.

आता खरं कोणाला सांगणार? कुठल्या तोंडाने?

२४ जानेवारी

दुकानात एक बस ड्रायव्हर आले होते, नंबर तपासायला. म्हटलं शेवटची ओळ वाचा. धडाधड वाचली! मला जरा शंका आली. मी तक्ता बदलला, अक्षरंच दुसरी. त्यांनी परत तीच ओळ म्हणून दाखवली. जुन्या तक्त्याची!

मालकीणबाई पडद्यामागे तोंड दाबून हसत होत्या. मीही हसणारच होते. मग ते म्हणाले, "ताई, बाहेर बाकावर बसून पाठ केलं होतं. गाडी काढून घेतील हो हातातली."

त्यांना पाणी दिलं. मग मीही एक ग्लास प्यायले.

२८ जानेवारी, रविवार

मेले.

बाई म्हणाल्या, "आज निम्म्या वेगाने." बस, एवढंच. माझं पान त्यावर बसेचना! माझी पाळी आली. क्लॅरिनेट तोंडाला लावलं. काही नाही. फेरी संपली, दुसरी सुरू झाली. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. बेकरीवाला छताकडे बघत ठोकत होता. दार ड्रमच्या पलीकडे, म्हणजे पळायचीही सोय नाही. डोक्यात फक्त माझं पान. तेच, तेच, तेच. एक सूर तरी फुंक ना बावळट! नाही. शेवटी अकराची गाडी शिकणारी बॅच दारात येऊन उभी राहिली, तेव्हा थांबले सगळे.

"एकोणतीस फेऱ्या," लिफ्टकाका म्हणाले. एकोणतीस म्हणजे ट्वेंटी नाइन ना, असं विचारून घेतलं. मराठी आकड्यांचा अजून घोळ होतो. तेही नेमकं आज!

वाटलं आता काढून टाकतील. सुटले असते! पण बाई म्हणाल्या, "अकरा तारखेला आपला कार्यक्रम आहे. त्यात तुझी पाळी तिसरी."

जिन्यात लिफ्टकाका शेजारून उतरत होते. "लिफ्ट अडकली की माणूस एकच बटण पन्नास वेळा दाबतो. लिफ्ट काय हलत नाही, बटण मात्र तुटतं. मग ते मलाच बदलावं लागतं."



१ फेब्रुवारी

आई सगळ्यांना फोन करतेय. "अकरा तारखेला नक्की या हं!" आत्या मैत्रिणींना घेऊन येणार. पुढची रांग.

२ फेब्रुवारी

क्लॅरिनेटची केस उघडलीच नाही.

४ फेब्रुवारी, रविवार

सांगून टाकलं. नऊ वाजायच्या आधी, लिफ्टकाका एकटेच वायर सोडवत होते तेव्हा. पहिल्या दिवशीचंही लिहिलेलं होतं. सगळंच लिहिलेलं होतं. कार्डांचा गठ्ठा त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, मी निघते.

त्यांनी गठ्ठा बघितलासुद्धा नाही. "ते माहितीये गं. पहिल्या ओळीलाच कळलं होतं तिघांना. नाहीच म्हणणार होतो तुला. मग तू मध्येच विसरलीस आणि काहीतरी तुझंच वाजवलंस, तेव्हा बाईंनी मान वर केली."

"काय वाजवलं होतं मी तेव्हा?"

"आता ते काय आम्हाला पाठ आहे का?"

महिनाभर सगळं लिहून काढत होते मी. तेवढे पाच-सहा सेकंद सोडून.