त्यांचं राहू द्या

साडूभाऊंना धाकट्या साडूचा सप्रेम नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का आणि ताईंचं ब्लडप्रेशर कसं आहे, ते आधी कळवा. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून. त्याचं मूळ तुमच्या घरात आहे, हे आदराने पण स्पष्ट लिहितो. चिनी पद्धतीने सुया टोचून घेतल्या की म्हातारपण लांबणीवर पडतं, असं ताईंनी धाकट्या बहिणीला फोनवर पाऊण तास समजावलं. तुम्ही तेव्हा शेजारीच पेपर वाचत बसला असणार. फोन काढून का घेतला नाहीत?

सुईबद्दल मला कोणी शिकवू नये. चाळीस वर्षं शिवणयंत्रावर बसलो. बोटांत इतक्या सुया गेल्या आहेत, की त्या हिशेबाने मी अमरच व्हायला हवा. तरी सोबत म्हणून गेलो. तिथले वैद्य (वय तिशीचं, स्वतःला सर्दी, आणि निघालेत दुसऱ्याला शंभरी गाठून द्यायला) आधी हिची जीभ बघत बसले. चव्वेचाळीस वर्षं जी मी ऐकतो आहे, ती जीभ त्यांना उत्तम वाटली. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून म्हणाले, काळजी घेतलीत तर पंच्याण्णव कुठे गेली नाहीत. ही इतकी खूश लग्नातही दिसली नव्हती.

मग हिला पालथं झोपवून पाठीवर, पोटऱ्यांवर सुया लावल्या. आमच्या धंद्यात सुया मोजून काढायच्या आणि मोजून ठेवायच्या, नाहीतर एखादी गिऱ्हाइकाच्या बगलेत निघते. मी मोजल्या, एकोणीस. अर्ध्या तासाने काढून ट्रेमध्ये ठेवल्या, तर अठरा. मी दार अडवलं. हिच्या अंगात सुई ठेवून मी हिला घरी नेणार नव्हतो. वैद्य गुडघ्यांवर, मदतनीस बाई पलंगाखाली, आणि शेजारच्या पलंगावरचे एक आजोबा अंगभर सुया घेऊन मदतीला उठायला लागले, त्यांना दोघांनी धरून झोपवलं. वीस मिनिटांनी त्या बाईंनी माझ्या कॉलरकडे बोट दाखवलं. टोक कसं आहे ते बघायला मोजण्याआधी एक सुई मी ट्रेमधून उचलली होती, ती हाताच्या सवयीने तिथे खोचली गेली. काखेत कळसा अन् गावाला वळसा, कबूल. पण शिंप्याच्या हाताशी सुयांचा ट्रे ठेवायचाच कशाला?

खरा अपमान यानंतरचा. एवढं होऊनही वैद्यांनी (माणूस सभ्य आहे, नाइलाजाने लिहितो) विचारलं, काका, तुमचीही नाडी बघू का? मी नको म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात ही चप्पल घालता घालता म्हणाली, "त्यांचं राहू द्या."

आता तुम्हीच सांगा. मी बाहत्तरचा, ही सहासष्टची. अजून एकोणतीस वर्षांचा बेत ठरला आणि त्यात मी कुठे बसतो, याची साधी चौकशी नाही. माझ्या चहाच्या पातेल्यात कसल्या मुळ्या उकळतात, तो काढा ही एकटी पिते. (मी पिणार नव्हतोच, पण विचारावं.) सकाळी गच्चीवर हवेत हळूहळू हात फिरवते, तेही एकटी. मी गेल्यावर हिला चष्मा कुठे ठेवलाय ते कोण सांगणार, याचा कोणी विचार केला आहे का? मला मागे ठेवून चालली आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं, हे तुम्हाला लिहायला मला लाज नाही.

असो. या थोतांडावर माझा काडीचा विश्वास नाही आणि त्या दवाखान्याच्या जिन्यावर मी पुन्हा पाय ठेवणार नाही. ताईंना नमस्कार.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. ताईही काढा पितात का? तुम्हाला विचारतात का? खरं कळवा.

आणखी एक. पुढच्या फोनवर ताईंनी सहज म्हणावं, की हे उपचार नवरा-बायकोने जोडीने घेतलेले बरे. माझं नाव मध्ये येऊ देऊ नका.

भाऊजी, हे खालचं मी लिहिते आहे. पाकीट चिकटवायला त्यांनी माझ्याकडेच दिलं. मी तिथे "तुम्हीही घ्या" म्हटलं असतं, तर ते जन्मात आले नसते. ताईला काही बोलायला लावू नका. ती पंच्याण्णव वर्षं मला एकटीला नको आहेत. मंगळवारी अकराला दोघांची वेळ घेतलेली आहे. ती मी त्याच दिवशी घेतली, हे रागाने जिना उतरून माझ्या पुढे निघून गेले तेव्हा.