मानाच्या जोडीचा दोर

वाडी, अमरावती
श्रावण शु. १०, शके १७८६

ती. स्व. चंद्रभानदादांस नत्थूचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. कापसाला सोन्याचा भाव आल्यापासून गाव हवेत आहे. खुशालकाकांनी तर बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या. पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी स्वतःची जावी, ही त्यांची हाव जुनीच. तुम्ही अकोल्यास ख्रिस्ती झालात, आईने तेही गिळलं. पण आपल्या पाटीलकीच्या मानाच्या जोडीचा दोर थोरल्यानेच धरायचा. आई म्हणते, त्याले सांग, देव कोणताबी धर, पण एक दिवस दोर धराले ये. नाही आलात तर मान काकांकडे जाईल.

लोभ आहेच, पोळ्याला तो पायी चालत यावा.
नत्थू

अकोला
श्रावण व. ५

चि. नत्थूस अ. उ. आ.

मी येत नाही. तोरणाखाली पाटलाची पूजा होते, ती घ्यायला मन धजत नाही. ज्या राजाचा, ख्रिस्ताचा, मी झालो, तो गाढवाच्या शिंगरावर बसून नगरात शिरला. पुढे कोण नि मागे कोण, हे त्याच्या दरबारी विचारत नाहीत. माझा मान मी तुला देतो. हे पत्र पंचांना दाखव आणि बिनघोर दोर धर. आईला दंडवत. तिच्या हातची पुरणपोळी मात्र फार आठवते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
चंद्रभान

वाडी, अमरावती
भाद्रपद शु. ३

ती. स्व. दादांस शि. सा. न.

पंच म्हणाले, थोरला जिवंत असताना धाकट्याला दोर नाही, आणि मान काही पत्राने देता येत नाही. काकांनी हात पुढे केला. तेव्हा आई तोरणापाशी आली आणि म्हणाली की माझा थोरला गेला. तिथेच तिने घागर डोक्यावर ओतून घेतली, तुमच्या नावाने आंघोळ केली. मग मला दोर मिळाला. पोळा फुटला, जोड्या तोरणाखालून सुटल्या, पोरं नाचली. आई अजून धड जेवत नाही, आणि तुमचं नाव घरात काढू देत नाही. मला दोर नको होता, दादा.

राग धरायचा तर माझ्यावर धरा.
नत्थू

अकोला
भाद्रपद शु. ९

चि. नत्थूस आशीर्वाद.

तुझं पत्र पाद्रीसाहेबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, बाप्तिस्म्यात माणूस जुन्या जन्माला मरतोच, दुःख कसलं? मला ते पटेना. माझ्या राजाची चाकरी मी सोडणार नाही. पण त्याने आपला मान टाकला तो आपल्याच जिवावर. मी टाकला तो आईच्या जिवावर. तिला विचारलंसुद्धा नाही.

उद्या ती गेली, तर मला खांदाही देता येणार नाही. कार्तिकात कापूस घेऊन इकडे अकोल्याच्या बाजारात येशील, तेव्हा तिला गाडीत बसवून आण. मी दुरून बघेन, ओळख देणार नाही. तिकडे कोण उभं आहे असं तिने विचारलं, तर कोणी नाही म्हणून सांग.

लोभ ठेवता आला तर ठेव.
चंद्रभान