टकरच्या नावाचा केक

६ जानेवारी, सोमवार

हॅलडेनला काढलं! दुपारी रेडिओवर ऐकलं. आपल्या शहराच्या फुटबॉल क्लबच्या मुख्य प्रशिक्षकाची जागा रिकामी झाली. लगेच डेलानोला फोन केला, तर हा तिकडे उत्तरेत बर्फ उपसत होता.
"बाबा, मला आधी श्वास घेऊ द्या."
"घे. पण अर्ज कर."
"अर्ज नसतो हो त्याला. ते बोलावतात."
माझा मुलगा त्रेपन्न वर्षांचा झाला. तिकडच्या क्लबात बचावफळीचा प्रशिक्षक आहे. त्याची फळी सगळ्या देशात वाखाणतात, पण मुख्य खुर्चीवर कोणी बसवत नाही. मैदानावर धडका घेणारी पोरं बहुतेक आपली, काळी. शिट्टी मात्र गोऱ्याच्या गळ्यात. आणि ती बापाकडून मुलाकडे जाते, वारशातल्या घड्याळासारखी.

८ जानेवारी, बुधवार

बोलावलं! मंगळवारी मुलाखत. डेलानो सोमवारी येतो, माझ्याकडेच उतरणार. कोलार्डच्या पानांची भाजी आणि रताळ्याचं सारण भरून भाजलेली गोड 'पाय' करायला हवी. 'पाय' मला जमत नाही, ती शेजारच्या अर्नेस्टीनला सांगितली.

१० जानेवारी, शुक्रवार

आज उगीचच शाळा आठवत बसलो. आमची काळ्या मुलांची शाळा, पुस्तकं गोऱ्यांच्या शाळेने वापरून टाकलेली. आतल्या पानावर त्यांच्या मुलांची नावं. कवितांच्या पुस्तकाची तर पानंच फाटलेली. कविता ऐन रंगात यायची आणि पुढचं पान गायब! ओडेसाबाई म्हणायच्या, "उरलेलं तुम्ही लिहा." आम्ही लिहायचो. कितीतरी कवितांची खरी शेवटची कडवी मला आजतागायत ठाऊक नाहीत. माझी मात्र पाठ आहेत. पुढे चाळीसेक वर्षं मीही मुलांना कविताच शिकवल्या. डेलानो वर्गात पहिल्या बाकावर असायचा आणि ओळ विसरला की खिडकीबाहेर पाहायचा. तिथे काय लिहिलेलं असायचं कोण जाणे! पण सापडायची ओळ त्याला.

१२ जानेवारी, रविवार

चर्च सुटल्यावर अर्नेस्टीनने मला गाडीच्या आडोशाला ओढलं. ती ज्या बेकरीत केक सजवते, तिथूनच क्लबच्या सगळ्या समारंभांचे केक जातात.
"मास्तर, कोणाला सांगू नका. गुरुवारसाठी केक सांगितलाय. तीन मजली. क्लबच्या रंगात."
"मग?"
"वर काय लिहायचंय, ते विचारा."
विचारायचं धैर्य नव्हतं. तिनेच सांगितलं. 'टकर, घरी स्वागत!'
टकर हॅलडेन. काढलेल्या हॅलडेनचा मुलगा! वय तेहतीस. बापाच्या हाताखालीच शिकला, बापाच्याच मित्राने दुसऱ्या क्लबात बढती दिली. क्लबच्या मालकाच्या मांडीवर खेळलेला पोरगा. बापाला दारातून काढलं आणि मुलाला खिडकीतून आत घेतलं!
म्हणजे माझ्या मुलाची मुलाखत मंगळवारी आणि ठरलं मात्र आधीच. नियम आहे ना, मुख्य प्रशिक्षक नेमण्याआधी निदान दोघा काळ्या किंवा इतर अल्पसंख्याक उमेदवारांना समोर बसवायचं. डेलानो म्हणजे त्या नियमाची भरती.
घरी येऊन फोन केला. सुनेने, इव्हेटने उचलला.
"साहेब आरशासमोर भाषण करतायत, बाबा. नवा सूट घालून! देऊ का?"
"नको. करू दे."
नाही सांगितलं. जिभेवर आलं होतं.

१४ जानेवारी, मंगळवार

काल रात्री दोन वाट्या भाजी खाल्ली त्याने. सकाळी टाय मी बांधून दिला, आठवीतल्या स्नेहसंमेलनाला बांधला होता तसाच. म्हणाला, "बाबा, गाठ उलटी पडली." म्हटलं, वय झालं.
संध्याकाळी परत आला.
"कसं झालं?"
"चांगलं झालं."
"काय विचारलं?"
"संघ कसा बांधशील, पहिल्या वर्षी काय करशील. मालक फार हसतमुख. मला दोनदा डेव्हिड म्हणाले."
मी पायचा तुकडा पुढे केला. त्याने पूर्ण संपवला. मग विमानतळावर गेला. घर एकदम मोठं वाटायला लागलं.

१६ जानेवारी, गुरुवार

जाहीर झालं. टीव्हीवर टकर, शेजारी बाप, दोघांच्याही डोळ्यांत पाणी. मला राग यायला हवा होता. पण पोरगा खरंच रडत होता, वाईट माणूस वाटत नव्हता.
फोन आला.
"बाबा, बघितलंत?"
मला राहवेना. सांगून टाकलं, केकचं, अर्नेस्टीनचं, सगळं. मग हसू! डेलानोचं ते पोटातून येणारं हसू.
"तीन मजली? निदान एक मजला तरी पाठवायचा!"
"तुला ठाऊक होतं?"
"अहो, सगळ्या धंद्याला ठाऊक होतं. नवा मुख्य प्रशिक्षक आपली माणसं बरोबर नेतो ना? टकरने गेल्या आठवड्यातच मदतनीस जमवायला सुरुवात केली होती. आमच्या क्विंटनलाही विचारलं, येतोस का म्हणून."
क्विंटन म्हणजे डेलानोचा मदतनीस. छत्तीस वर्षांचा. बापाचा पत्ता नाही, आई लवकर गेली. थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायला माझ्याच टेबलावर असतो, आणि मला मास्तर म्हणतो. कधी माझ्या वर्गात बसला नाही तरी.
"मग गेलास कशाला, लेका?"
"नाही गेलो तर म्हणतात, याला इच्छाच नाही. आणि मी नाही म्हटलं की क्विंटनला बोलावतात. तो खरं मानेल, बाबा. मी निदान खरं मानत नाही."


१७ जानेवारी, शुक्रवार

काही सुचलं नाही. जुनी पाठांतरं म्हणत दिवस काढला. मध्येच ओळी निसटतात.

२४ जानेवारी, शुक्रवार

आता क्विंटनलाच बोलावणं! पश्चिमेकडच्या एका क्लबाचं. डेलानोचा आवाज चढलेला होता. "तिथे मालकीणबाईंचा जावईच दुय्यम प्रशिक्षक आहे, बाबा! जागा त्याचीच. ह्यांना फक्त एक काळा चेहरा हवाय. मी सांगून पाहिलं, पण पोरगा ऐकत नाही. तुमचं ऐकेल."
तासाभराने क्विंटनचा फोन.
"मास्तर, सूट काढून ठेवलाय. जाऊ का?"
काय आवाज होता त्याचा! वर्गात पहिल्यांदा कविता म्हणायला उभ्या राहिलेल्या मुलाचा. मला डेलानो दिसला. त्याचा तो टाय, संपवलेला पायचा तुकडा, डेव्हिड.
"नको जाऊस, बाळा."
"पण मास्तर, एक टक्का जरी—"
"मी केक पाहिलेला माणूस आहे." खरं तर पाहिला नव्हता. "तुला शोभेला बसवतील. तुझी वेळ येईल तेव्हा असं बोलावणार नाहीत."
मग म्हणाला, "तुम्ही म्हणता तर नाही जात." क्लबला सभ्यपणे नकार कळवतो म्हणाला. मी म्हटलं, शाब्बास.

२६ जानेवारी, रविवार

आज मन हलकं. चर्चमध्ये अर्नेस्टीनला सांगितलं, एका पोराला तरी वाचवलं. ती म्हणाली, "देव तुमचं भलं करो, मास्तर." गाणं म्हणताना आवाज बराच लागला माझा. शेजारचे वळून पाहत होते.

२९ जानेवारी, बुधवार

क्विंटनने फोटो पाठवला. बर्फात, डेलानोबरोबर, दोघं हसतायत. खाली लिहिलंय, 'सूट परत कपाटात.'

१ फेब्रुवारी, शनिवार

पश्चिमेच्या क्लबने प्रशिक्षक नेमला. जावई नव्हे. लेमार ओक्स नावाचा माणूस, काळा, बापाने जन्मभर शहराची बस चालवली. मालकीणबाई टीव्हीवर म्हणाल्या, "ह्यांचं नाव आमच्यासमोर नव्हतंच. एक तरुण येणार होता, तो नाही म्हणाला, म्हणून आयत्या वेळी ह्यांना बोलावलं. आणि दुपारपर्यंत आमचं ठरलं!"
खुर्ची खरोखरच रिकामी होती.
क्विंटनचा फोन वाजतोय. दुसऱ्यांदा.