शिक्क्यातली नाळ

प्रिय हान-बीच्या आई,

शिकवणीच्या व्हॅनमध्ये ज्यांची लेकरं गेली आणि ज्यांना न्यायाच्या जागी पांढऱ्या शेवंतीचे हार मिळाले, त्या आई-बापांपैकी आपण दोघं. व्हॅनचं दार आतून का उघडलं नाही, हे आजवर कुणीही सांगितलेलं नाही. तू बुसानला माहेरी निघून गेलीस, मी इंचनमध्येच राहिलो, तरी हा राग आपला एकच आहे. म्हणून माझं बोलणं परक्याचं समजू नकोस.

आपल्याकडे लेकराचं श्राद्ध आई-बाप घालत नाहीत. आपल्या लेकीचे, हान-बीचे कपडे तुझ्या आईने जाळले. मागे उरला तिचा कुत्रा, मांडू. तोही गेला, तेव्हा तू प्रयोगशाळेतून त्याच्याच पेशीपासून केलेला दुसरा मांडू आणलास. तसाच तपकिरी, तसाच एक कान पडलेला. मी मात्र गावोगावच्या सभांतून ओरडत होतो, की आज कुत्रा केलात, उद्या माणूस कराल. माणूस म्हणजे काही मागणीबरहुकूम करायची वस्तू नव्हे! अशाच एका सभेत तू शेवटच्या रांगेतून उठलीस. "भाषण छान करता हो. आता घरी या आणि त्या वस्तूला जेवायला घाला, भुंकून भुंकून शेजारी उठवलेत तिने." सगळं सभागृह हसलं. मीही हसलो. पुढचं वाक्य मला आठवेना.

जुना मांडू हान-बीच्या सपातांवर डोकं ठेवून झोपायचा. या नव्याला तू त्या सपाता दाखवल्यास. तो हुंगून मागे सरला आणि टेबलाखाली जाऊन बसला. तू त्याला ओढून पुन्हा तिथे बसवलंस, पुन्हा पुन्हा. "झोप ना रे इथे! विसरलास का?" विसरायला त्याला आठवण होती कुठे? तो बिचारा थरथरत होता आणि तू रडत होतीस. मी दारात उभा होतो.

आता तुला तिचा शिक्का हवाय. बाळंतपणानंतर, सगळे करतात तसाच, नाळेचा वाळका तुकडा आत बसवून, तिचं नाव कोरून आपण तो करून घेतला होता. मोठी झाली की बँकेत पहिलं खातं सहीऐवजी याच शिक्क्याने उघडेल, म्हणायचीस. परदेशातल्या कुणा माणसाने तुला सांगितलं, तिला पुन्हा घडवायला तेवढा तुकडा पुरे. मी फोनवर म्हणालो, वाळक्या नाळेत जिवंत काही नसतं, तो तुला फसवतोय. तू म्हणालीस, "मांडूच्या वेळीही असेच आडवे आला होतात. तुम्हाला तत्त्व हवंय, मला माझी पोर हवी." मला काय ती नकोय?

झालं नाही, तर तू पुन्हा मोडशील. आणि झालं, तर ते लेकरू मोडेल. त्याला आपण हान-बीच्या जागेवर ओढून ओढून बसवू आणि विचारू, विसरलीस का? तू एकटीच नाहीस. मी तुझ्याआधी विचारीन.

शिक्का आजवर माझ्या कोटाच्या खिशात असायचा. खाडीत टाकायला म्हणून धक्क्यावर गेलो होतो. मूठ उघडली नाही. त्यावर माझ्याइतकाच तुझाही हक्क आहे, म्हणून या पत्राबरोबर तो पाठवतोय. सोबतच्या लाल पुडीत आहे. तुला अडवायचं बळ माझ्यात नाही. एवढंच कर. पुडी फोडण्याआधी टेबलाखाली वाक, आणि तू सोबत नेलेल्या त्या कुत्र्याला दुसरं नाव ठेव. त्याचं स्वतःचं. त्या नावाने त्याला एकदा हाक मार.

तुझाच,
हान-बीचा बाबा