दादाचा रिपोर्ट आणि भट्टीवरची फळी

ती. मामांना,

पाया पडते. (हे वाक्य आईने शेजारी बसून लिहून घेतलं आणि ती उठून गेली. यापुढचं सगळं माझं आहे.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामीची दाढ काढली, की अजून ती एकाच बाजूने जेवते? इकडे सगळे मजेत आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. सोबत टोस्टचे दोन मोठे डबे पाठवले आहेत. एवढे टोस्ट कशाला, असं मामी नक्की विचारेल. ते सांगायला म्हणून हे पत्र, बाकी विशेष काही काम नाही.

मी पदवीधर झाल्यापासून घरातले सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. विजेच्या बिलावरचा बारीक मजकूर मी वाचायचा, बाबांच्या गोळ्यांचे साइड इफेक्ट मी सांगायचे. त्यात आरोग्य केंद्रात केसपेपर लिहिण्याची नोकरी लागली, म्हणजे मी अर्धी डॉक्टरच. त्यामुळे दादा-वहिनीच्या लग्नाला तीन वर्षं झाली आणि पाळणा हलेना, तेव्हा तो प्रश्नही माझ्या पदरात पडला. आता खरं सांगते मामा, जीवशास्त्राच्या तीन वर्षांत मी बेडकाचं प्रजनन आकृतीसकट शिकले. माणसाचं प्रकरण आलं, तेव्हा सरांनी पुस्तक मिटलं आणि सांगितलं की हे सोपं आहे, घरी वाचून घ्या. घरी! आमच्या घरी या विषयासाठी एकच शब्द आहे, तो म्हणजे "ते". पाळी आली तरी "ते", गर्भाशय म्हणजे "ते", आणि नवरा-बायकोत जे काय होतं तेही "ते". आई वहिनीला विचारते, "त्याचं ते ठीक आहे ना गं?" वहिनी मान डोलवते. दोघींपैकी कोण कशाबद्दल बोलतंय हे दोघींनाही माहीत नसतं.

मग मीच केंद्रातल्या डॉक्टरबाईंना दुपारच्या चहाच्या वेळी रोज एक प्रश्न विचारायला लागले. मामा, इतकी नवलाची गोष्ट आपल्या अंगात चालते आणि आपण तिला "ते" म्हणून मोकळे होतो! बाईचं बीज महिन्यातून एकदा सुटतं आणि जेमतेम एक दिवस टिकतं. पुरुषाचं बीज मात्र आत चार-पाच दिवस वाट बघत थांबू शकतं. म्हणजे महिन्यात कामाचे दिवस मोजून सहा. आणि पुरुषाचं बीज तयार व्हायला जवळजवळ तीन महिने लागतात, तेही अंगापेक्षा थोड्या थंड जागी. (निसर्गाने ती व्यवस्था बाहेर का लटकवली, हे मला त्या दिवशी कळलं आणि मी चहा सांडला.) तंबाखू, दारू, वाढतं वय, वजन, थायरॉइड, दुखणी अंगावर काढून वाढलेला संसर्ग, या सगळ्याचा परिणाम होतो, आणि तो दोघांवरही होतो. मूल न होण्यात पुरुषाची बाजू तितक्याच वेळा असते जितक्या वेळा बाईची, हे ऐकून मी तीनदा विचारलं की नक्की ना. नक्की.

वहिनीच्या सगळ्या तपासण्या झाल्या. रक्त, सोनोग्राफी, जे म्हणाल ते. सगळं चोख. आता नवऱ्याची तपासणी करा, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. दादा म्हणाला, "माझ्यात काय बघायचंय? मी मैद्याचं पोतं एका हाताने उचलतो." मी त्याला समजावलं की पोतं उचलायला वेगळे अवयव लागतात. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

तोवर निदान ते सहा दिवस तरी वाया जाऊ नयेत, म्हणून मी एक कॅलेंडर घेतलं. वहिनीच्या तारखा लिहून घेतल्या, हिशेब केला आणि दर महिन्याच्या सहा दिवसांभोवती लाल गोल काढून ते आतल्या खोलीत टांगलं. काय कशासाठी ते लिहिलं नाही, कारण आई म्हणाली की भिंतीवर "ते" लिहायचं नाही. इथेच चूक झाली. खाली आमच्या बेकरीतल्या कॅलेंडरवर डालड्याचा डबा कलंडला, म्हणून बाबा माझं कॅलेंडर काढून खाली घेऊन गेले. आणि बेकरीत तारखेभोवती गोल म्हणजे एकच अर्थ, मोठी ऑर्डर. बाबांना वाटलं, पोरगी शिकलेली आहे, फोनवर आलेल्या ऑर्डरी नीट टिपून ठेवते. मग काय, नेमके ते सहा दिवस दुप्पट पीठ मळलं गेलं आणि दादा पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत भट्टीपुढे. घरी आला की जेवतानाच डोळे मिटायचे. न्यायला कोणी आलं नाही, तेव्हा बाबांनी उरलेल्या पावाचे टोस्ट केले. ते हातोहात खपले, म्हणून पुढच्या महिन्यात त्यांनी गोल बघून आणखी उत्साहाने पीठ मळलं. आपण मूल व्हावं म्हणून काढलेले गोल मूल न होण्याची पक्की सोय करत होते, हे मला दोन महिन्यांनी कळलं. वहिनी हसत हसत खालीच बसली. मग तिचं हसणं थांबलं आणि ती म्हणाली, "वन्सं, त्यांना तपासायला पाठवा हो. मला आता कॅलेंडर नको." टोस्टचं कारण हे असं आहे.

मामीला इथपर्यंत वाचून दाखवा. पुढचं आधी तुम्ही वाचा.

दादा शेवटी गेला. वहिनीने भट्टीवर न्यायचा त्याचा डबा भरायचं बंद केलं, त्याचा हा परिणाम. लॅबवाल्याने डबी दिली आणि सांगितलं की नमुना घरून आणलात तर तासाच्या आत आणा आणि कोमट ठेवा, अंगाजवळ. मामा, बेकरीवाल्याला कोमट म्हटलं की एकच जागा आठवते, भट्टीच्या तोंडावरची फळी, जिथे आपण पीठ फुगायला ठेवतो. निघताना गिऱ्हाईक आलं, म्हणून दादाने डबी फडक्यात गुंडाळून त्या फळीवर ठेवली आणि अर्धा तास पाव मोजून दिले. पीठ आपण भट्टी तापायच्या आधी ठेवतो; मी नंतर तापल्या भट्टीत त्या फळीवर हात ठेवून पाहिला. दहा आकडे मोजेपर्यंत ठेवता आला नाही. रिपोर्टमध्ये बीजांची संख्या चांगली आली. हालचाल शून्य. डॉक्टरबाईंनी विचारलं, नमुना आणला कसा, आणि ऐकून कपाळाला हात लावला. म्हणाल्या, हा रिपोर्ट धरायचा नाही, दोन ते सात दिवस संबंध टाळून परत करा. पण दादाने फक्त शून्य ऐकलं. मी कितीही सांगितलं तरी त्याचं एकच, "सांगितलं तसंच केलं. पिठासारखं जपलं. आणखी काय करू?" चार दिवस तो वहिनीशी धड बोललेला नाही. काल तिला म्हणाला, तू माहेरी जा, माझ्यापायी आयुष्य घालवू नकोस. ती गेली नाही, पण पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. मीही ती उचलून आत ठेवत नाही. तो निर्णय तिचा आहे.

असो. गुडघ्याला शेक देत जा. मामीला नमस्कार.

तुमची भाची

ता. क. बाकी काही काम नाही असं वर लिहिलं, ते खरं नाही. शुक्रवारी या आणि दादाला लॅबमध्ये घेऊन जा. या वेळी नमुना तिथल्याच खोलीत द्यायचा, वाटेत कुठे ठेवायचा प्रश्नच नको. माझं तो ऐकत नाही. धाकट्या बहिणीने या विषयात तोंड उघडलं की तो मैदा चाळायला लागतो.

ता. क. २. तुम्हीच का, तेही लिहिते. पत्र "असो"पर्यंत लिहून झालं आणि मी मामीला फोनवर सगळं सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, यांनाही असाच कागद मिळाला होता, आणि तो खरा होता. वीस वर्षं आमचं अख्खं घर मामीच्या नावाने हळहळत होतं, मीसुद्धा. मामी म्हणाली की तुम्ही सगळ्यांना सांगायला निघाला होतात, तिनेच अडवलं, आणि आता तिला वाटतं की उगाच अडवलं. मामा, तुम्ही दादाजवळ एवढंच बोला. मी कोणाला सांगणार नाही, शब्द देते.

ता. क. ३. शब्द मोडला. मी डिंक शोधायला आत गेले आणि पत्र गल्ल्यावर राहिलं. येऊन बघते तर दादा पोत्यावर बसून ओठ हलवत वाचतोय, शेवटच्या पानावर. मी हिसकावलं नाही. त्याने फक्त विचारलं, "मामासुद्धा?" मी हो म्हटलं. तो बराच वेळ टेबलावरचं पीठ तळहाताने गोळा करत राहिला. मग बाबांना म्हणाला, शुक्रवारी भट्टी तुम्ही बघा. बाबा म्हणाले, कुठे निघालास? "तपासायला." काय तपासायला? दादा आतल्या दाराकडे बघत, वहिनीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "मला."

तेव्हा मामा, तुमचं गुपित फोडल्याबद्दल मला काय बोलायचं ते समोर येऊन बोला. फक्त आठच्या आत या. लॅब साडेआठला उघडते, आणि तिथल्या बाकावर दादा एकटा बसेल असं मला वाटत नाही.